बोटभर फट

मी घासलेटची शेगडी बोलतेय. जिन्याखालच्या अंधाऱ्या खणातून बोलतेय, तेव्हा आवाज जरा दबका आला तर सांभाळून घ्या. अंगावर जुनी चादर आहे, चादरीवर फुटक्या कुंड्या आहेत, आणि माझ्या टाकीत दोन बोटं घासलेट अजून तसंच पडून आहे.

माझ्यामुळे एक बाई गेली. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मागाहून म्हणाल, म्हातारीने गोड गोड बोलून बसवून घेतलं आणि मग हे ऐकवलं.

तुमच्याकडे शेगडी म्हटलं की स्वयंपाकाची. मी तसली नव्हे. मी अंग शेकायची. गोल, पत्र्याची, गुडघ्याएवढी उंच. पोटात टाकी, टाकीत वात, वातीभोवती जाळी आणि डोक्यावर सपाट झाकण. अम्मान शहरात माझ्यासारखी एकेक घरोघरी असते. इथे आम्हाला सोबा म्हणतात. कुठल्यातरी लांबच्या कारखान्यात मी जन्मले, बोटीतून अकबाच्या बंदरात उतरले आणि ट्रकमधून डोंगर चढून इथे आले. त्या प्रवासाचं मला फारसं काही आठवत नाही. खोक्यात होते, गवत टोचत होतं, एवढंच.

माझं खरं आयुष्य सुरू झालं ते अबू इस्कंदरच्या घरात. त्यांना मुलगा झाला, इस्कंदर, त्याच हिवाळ्यात त्यांनी मला आणलं. त्या पोराचे लंगोट माझ्यावर वाळले. त्याचा खोकला माझ्यावर उकळलेल्या चहाने बरा झाला. माझ्या डोक्यावर किती पोळ्या कडक झाल्या, किती चेस्टनट फुटले, किती संत्र्यांच्या साली ठेवल्या गेल्या, त्याला मोजदाद नाही. सालींचा वास सुटला की सगळं घर माझ्याभोवती गोळा व्हायचं. मला तेव्हा फार मोठेपणा वाटायचा. वाटायला नको होता, पण वाटायचा.

अबू इस्कंदरचा एक नेम होता. मला पेटवलं की आधी खिडकीकडे जायचे आणि तिच्या फटीत स्वतःची तर्जनी घालून बघायचे. बोट सहज आत-बाहेर झालं पाहिजे. आणि बोट म्हणजे त्यांचं हं, चांगलं जाडजूड, गवंड्याचं. बायको कुरकुरायची, "अहो, थंडी आत येतेय." ते म्हणायचे, "येऊ दे. ती पाहुणी आहे. दुसरी जी येते ना, ती दार न वाजवता येते आणि घरातल्यांना घेऊनच जाते." लहानपणी त्यांच्या गावात बंद खोलीत निखारे ठेवून झोपलेलं एक घर सकाळी उठलंच नव्हतं. ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून झोपायच्या आधी मला गॅलरीत नेऊन विझवायचं, हा दुसरा नेम. अम्मानमध्ये हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

अबू इस्कंदर गेले. इस्कंदर मोठा होऊन कॅनडाला गेला, विनिपेगला. जाण्याआधी त्याने आईला नवी, गॅसवर चालणारी शेगडी घेऊन दिली आणि माझी रवानगी तळमजल्याच्या गॅलरीत झाली. झाली तर झाली. तिथून रस्ता दिसायचा, समोर अबू दीबचं किराणा दुकान दिसायचं आणि खोलीतलं बोलणं ऐकू यायचं. म्हातारीला आणखी काय हवं?

दर शुक्रवारी इस्कंदरचा फोन यायचा. उम्म इस्कंदर, म्हणजे त्याची आई, पहिला प्रश्न एकच विचारायची, "थंडी किती आहे रे बाळा?"

"उणे तीस, आई. पण घरात मी बनियनवर बसलोय."

"खिडकी?"

"खिडकीचं काय?"

"बोटभर उघडी आहे ना?"

"आई, इथे बोटभर उघडली तर बोट गळून पडेल." तो हसायचा. ती फोन ठेवून मला, म्हणजे गॅलरीतल्या भांड्याकुंड्यांना म्हणायची, "बापासारखा एक गुण घेतला असता मेल्याने!" तिथल्या घरांना तळघरातून ऊब येते, आत जाळच नसतो, हे तिच्या डोक्यात कधी शिरलं नाही. माणूस परक्या घरातही आपलीच खिडकी बघतो.

आणि मग ऑगस्टमध्ये वरच्या, तिसऱ्या मजल्यावर खुद्द कॅनडाचं जोडपंच राहायला आलं. लाईल आणि नोरीन. दोघंही साठीच्या अलीकडे-पलीकडे. लाईल पाण्याच्या नळांचा इंजिनियर, दोन वर्षांच्या कामावर आलेला. त्याआधी नऊ वर्षं आखातात काढलेली, त्या भट्टीत. नऊ वर्षं त्या माणसाने बर्फ पाहिला नव्हता.

नोव्हेंबर लागला. गल्लीतल्या घराघरांत गालिचे अंथरले गेले, लोकरी कपडे बाहेर पडले, म्हाताऱ्यांनी कानटोप्या घातल्या. आणि लाईल? अर्ध्या चड्डीवर, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून सकाळी पाव आणायला. अबू दीब मेंढीच्या कातड्याच्या लांब झग्यात दुकानाच्या दारात बसलेला असायचा. त्याने दोन दिवस तोंड आवरलं, तिसऱ्या दिवशी नाही आवरलं.

"काय कॅनडासाहेब, बाईंनी सगळे कपडे एकदम धुवायला टाकले की काय?"

"अबू दीब, आत्ता बारा डिग्री आहे. बारा! आमच्या गावात बारा झाले की लोक नदीत उतरतात."

"उतरत असतील. वर येतात का पण?"

सगळी गल्ली हसायची. लाईलही हसायचा. माणूस वाईट नव्हता हो, अजिबात नव्हता. पण त्याला एक खोड होती. कुणी अंगाभोवती शाल ओढून घेतली की तो हळूच फोन काढायचा. तीन पांघरुणांत गुंडाळलेलं तान्हं पोर, हातमोजे घालून भाजी निवडणारी बाई, स्कार्फमधून नुसतं नाक बाहेर काढलेला टॅक्सीवाला. फोटो काढायचा आणि कॅनडात भावाला पाठवायचा. खाली लिहायचा, "इथे पंधरा डिग्री आहे, लोक मरायला टेकलेत."

"पुरे कर आता," नोरीन जिन्यात त्याला म्हणाली, ते मी ऐकलं. "आखातात नऊ वर्षं हेच केलंस. ऑफिसातल्या लोकांचे स्वेटर मोजत बसायचास."

"गंमत आहे गं ती."

"त्यांची की तुझी?"

घरापासून इतकी वर्षं लांब राहिलेला माणूस काहीतरी घट्ट धरून बसतो. कुणी लोणच्याची बरणी धरतं, कुणी देवाची तसबीर. याने थंडी धरली होती. 'मी थंडीचा माणूस आहे,' एवढं म्हटलं की त्याला आपण कुठले ते आठवायचं. ते सोडलं असतं तर त्याच्याकडे काय उरलं असतं? म्हणून मी त्याला हसत नाही. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, हे म्हणायला सोपं आहे. म्हणवत नाही एवढंच.

डिसेंबरात पाऊस लागला आणि आमच्या दगडी इमारतीने आपला खरा रंग दाखवला. हे दगड उन्हाळ्यात किती गार म्हणून लोक कौतुक करतात. हिवाळ्यातही ते तसेच गार असतात, त्याचं काय करायचं? फरशीवर पाय ठेवला की कळ डोक्यापर्यंत जाते. बाहेरच्यापेक्षा आत जास्त थंडी.

एके दुपारी नोरीन खाली आली. उम्म इस्कंदरच्या शेगडीसमोर हात धरून बसली. मग म्हणाली, "मावशी, कुणाला सांगू नका. मला थंडी वाजते."

उम्म इस्कंदरने कपाळावर हात मारला. "अगं बाई! तुला? कॅनडाच्या बाईला?"

"कॅनडात थंडी बाहेर असते, मावशी. इथे ती घरात राहायला येते."

दोघी इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. नोरीनचं पाणी जरा जास्त वेळ आलं. "त्याला सांगू शकत नाही मी," ती म्हणाली. "तो म्हणतो, आपण दोघं उणे चाळीसमध्ये मोठे झालो. आता आठ डिग्रीला काय रडतेस?"

"नवरे सगळीकडचे सारखेच," उम्म इस्कंदर म्हणाली आणि उठली. तिचा उजवा गुडघा कामातून गेलेला, काठीशिवाय पाऊल उचलत नसे. लंगडत गॅलरीत आली आणि माझ्यावरची चादर ओढली. "ही ने. माझ्या इस्कंदरएवढी आहे वयाने, पण ऊब अजून तशीच देते. फक्त दोन गोष्टी ऐक, पोरी. पेटलेली असेल तोवर खिडकी बोटभर उघडी. आणि झोपायच्या आधी ही बाहेर. दुपारची डुलकी असली तरी बाहेर. म्हण बघू."

"खिडकी बोटभर. झोपताना बाहेर."

"शाबास."

अबू दीबने मला उचलून तिसऱ्या मजल्यावर नेलं. प्रत्येक पायरीला "या अल्लाह, कॅनडा हरला, कॅनडा हरला" म्हणत होता, पण हळू आवाजात. नोरीनने त्याला शपथ घातली होती.

इतक्या वर्षांनी कुणाच्या तरी खोलीत मी पेटले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

लाईल संध्याकाळी आला आणि दारातच थांबला. "हे कुठल्या म्युझियममधून आणलंस?"

"मला हवंय," नोरीन म्हणाली. "मी म्हातारी झालेय, समज."

तो लांबच्या खुर्चीत जाऊन बसला. पण तासाभराने खुर्ची सरकवत सरकवत माझ्याजवळ आला. दुसऱ्या दिवशी माझ्यावर पाव भाजू लागला. तिसऱ्या दिवशी आपले मोजे वाळत घातले. हरला होता, पण कबूल कोण करणार? गल्लीत अजून अर्ध्या बाह्याच.

भांडण झालं ते खिडकीवरून.

"ही उघडी का?"

"मावशींनी सांगितलंय. हवा हवी."

"एकीकडे जाळायचं आणि दुसरीकडे खिडकी उघडायची? माझा बाप असता तर त्याने मला झोडपलं असतं. 'काय, आख्ख्या माळाला शेक देतोस का?' असं ओरडायचा तो, आम्ही दार क्षणभर उघडं ठेवलं तरी." आणि त्याने खिडकी लावली. ती उठली, उघडली. तो उठला, लावली. चार दिवस हेच. मला गंमत वाटत होती. गंमत! आग लागो माझ्या अकलेला.

नवं वर्ष उजाडलं त्या आठवड्यात लाईल बाजारातून पारदर्शक प्लॅस्टिकचा गुंडाळा आणि दुहेरी चिकटपट्टी घेऊन आला. खुर्चीवर चढला. खिडकीच्या चारही बाजूंनी पट्टी लावली, तिच्यावर प्लॅस्टिक ताणलं, आणि मग नोरीनचा केस वाळवायचा पंखा घेऊन त्याच्यावर गरम हवा सोडली. प्लॅस्टिक आवळत गेलं, सगळ्या सुरकुत्या नाहीशा झाल्या. बोटाने टिचकी मारली तर डफासारखं वाजलं. दाराखालच्या फटीत त्याने टॉवेलाची वळकटी सारली. सगळा वेळ तो शीळ घालत होता.

"आठवतं?" त्याने विचारलं.

नोरीन दारात उभी होती. "माझे बाबा करायचे," ती म्हणाली. "दर ऑक्टोबरात. मी खालून पट्टी धरायची."

तिचे डोळे भरले होते. तिला खिडकी उघडायची होती, हे मला ठाऊक आहे, कारण तिची नजर दोनदा कडीकडे गेली. पण त्या प्लॅस्टिकवर तिचं सगळं लहानपण ताणून बसवलं होतं. ते फाडायचं कसं? ती काही बोलली नाही. मी बोलायला हवं होतं. पण मला कुठे तोंड आहे?

दुसऱ्या दिवसापासून तिचं डोकं दुखू लागलं. लाईल दिवसभर कामावर, माझ्यासोबत ती एकटी. दुपारी मळमळायचं, गरगरायचं. "फ्लू दिसतोय," लाईल म्हणायचा आणि गोळ्या आणायचा. ती खाली उम्म इस्कंदरकडे जाऊन आली की टवटवीत व्हायची. परत आल्यावर नवऱ्याला म्हणाली, "मावशींचं घर मला मानवतं. का कोण जाणे."

मला माहीत होतं का. संध्याकाळपर्यंत माझी ज्योत निळी सोडून पिवळी पडायची, जाळीवर काजळी धरायची. मलाही श्वास पुरत नव्हता. आणि मला श्वास पुरला नाही की मी जे ओकते त्याला ना रंग, ना वास. अबू इस्कंदर त्यालाच म्हणायचे, दार न वाजवता येणारी.

उम्म इस्कंदरने एकदा तिला विचारलं होतं. ते नोरीनने वर येऊन नवऱ्याला सांगितलं. "मावशींनी विचारलं, फट ठेवतेस ना. मी हो म्हटलं. खोटं बोलले मी त्यांच्याशी."

"मग काय झालं? म्हातारीला बरं वाटलं ना?" लाईल म्हणाला.

गुडघा धड असता तर म्हातारी स्वतः वर येऊन बघून गेली असती. पण तीन जिने तिला जमत नव्हते. खोटं टिकलं ते त्या गुडघ्यामुळे.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात अम्मानमध्ये बर्फ पडला. पडतो कधी कधी. पडला की शहर हात टेकतं. शाळा बंद, कचेऱ्या बंद, पावाच्या दुकानासमोर दोन दिवस आधी रांगा. सकाळी लाईलने पडदा सारला आणि त्या ताणलेल्या प्लॅस्टिकमधून पांढरी गल्ली पाहिली. साठीचा माणूस, पण असा ओरडला की नोरीन दचकून उठली.

"नोरीन! चल! ऊठ, चल!"

"नाक चोंदलंय रे माझं. डोकं फुटतंय. तू जा."

"नऊ वर्षांनी, अगं!"

"म्हणूनच जा." ती हसली. "दाखव त्यांना. मी खिडकीतून बघते."

त्याने माझी वात वर केली, तिच्यासाठी. भरपूर वर केली. तिच्या अंगावर रजई घातली, कपाळावर ओठ टेकले, दार ओढलं. जाताना टॉवेलाची वळकटी बाहेरून पायाने आत ढकलली. प्रेमाने केलं ते सगळं. एकेक गोष्ट प्रेमाने केली.

ती थोडा वेळ खिडकीशी उभी राहिली. खाली लाईल बर्फ लोटत होता, पोराटोरांना गोळे वळायला शिकवत होता, अबू दीबची गाडी मोकळी करून देत होता. त्याचा आवाज तीन मजले चढून येत होता. "याला थंडी म्हणता? ही थंडी? अबू दीब, त्या मेंढीतून बाहेर या!" सगळी गल्ली पहिल्यांदाच त्याच्याकडे कौतुकाने बघत होती. ती बघून हसली, खोकली आणि येऊन पडली.

माझी ज्योत पिवळी झाली. मग तांबडी. मी विझायची खटपट केली. खरंच सांगते, केली. पण मला स्वतःहून विझता येत नाही. माझी कळ दुसऱ्याच्या हातात असते. ती एकदा उठून बसायला गेली, हाताचा कोपर सटकला आणि पुन्हा आडवी झाली. काही वेळाने तिचा श्वास मला ऐकू येईनासा झाला. बाहेर लाईल हसत होता.

मग उम्म इस्कंदरचा आवाज आला, खालच्या गॅलरीतून. बर्फात गल्ली इतकी निःशब्द असते की शब्द न् शब्द पोचला.

"अहो लाईल, नोरीन कुठाय? तिला आणलं नाही?"

"झोपलीय, मावशी. तुमच्या शेगडीजवळ. मस्त ऊब आहे खोलीत."

"झोपलीय? आणि शेगडी आत?"

"हो."

"खिडकी?"

"खिडकीची काळजी सोडा. अशी बंद केलीय की मुंगी शिरायची नाही."

काहीतरी फुटल्याचा आवाज आला. तिच्या हातातला चहाचा ट्रे. मग तिची किंकाळी, आणि मग जिन्यात काठी. टक, टक, टक. तीन जिने जमत नसलेली बाई तीन जिने चढली. लाईल तिच्या आधी पोचला होता, पण खोलीच्या मधोमध उभा राहून नुसता "नोरीन, नोरीन" म्हणत होता. म्हातारीने काठी उचलली आणि त्या प्लॅस्टिकवर घातली. प्लॅस्टिक फाटलं, काच फुटली, बर्फाची हवा आत आली. मग तिने माझी कळ फिरवली. तेव्हा कुठे मी विझले.

रुग्णवाहिका चढावर येईना. अबू दीब आणि गल्लीतल्या माणसांनी नोरीनला रजईसकट खाली नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, तासापूर्वीच संपलं होतं.

लाईल तिला घेऊन आपल्या देशी गेला. मला अबू दीबने खाली आणलं, एकेक पायरी उतरवत. वाटलं, आता उम्म इस्कंदर मला भंगारवाल्याला देईल. नाही दिलं. या खणात ढकललं, चादर टाकली आणि म्हणाली, "मीच दिली होती. मीच." मला म्हणाली की स्वतःला, कळलं नाही.

त्यानंतर तिने गॅसची शेगडीसुद्धा पेटवली नाही. सगळा फेब्रुवारी तीन रजयांखाली काढला. खोकत होती, कुडकुडत होती. इस्कंदर फोनवर रडकुंडीला आला, "आई, पेटव ना गं. आजारी पडशील." ती म्हणायची, "हो हो." खिडकीचं मात्र तिने त्याला पुन्हा कधी विचारलं नाही.

मार्चमध्ये एके दुपारी लाईल परत आला, खोली रिकामी करायला. बाहेर चांगलं ऊन होतं, बदामाला फुलं आली होती. आणि तो जाड कोट, लोकरी टोपी, हातमोजे घालून गल्लीतून चालत आला. अबू दीब दुकानाच्या दारात होता. तो उभा राहिला आणि छातीवर हात ठेवला.

लाईल वर गेलाच नाही. उम्म इस्कंदरच्या दारात उभा राहिला. या खणाचं दार फळ्यांचं आहे, मधून दिसतं.

"ये बाबा," ती म्हणाली.

तो बसला. हातमोजे काढले नाहीत. मग म्हणाला, "आमच्या गावची जमीन गोठलीय. एप्रिल संपेपर्यंत खड्डा खणता येत नाही. तिला तशीच ठेवलीय, एका थंड खोलीत. ती वाट बघतेय." त्याचे दात वाजत होते. "मावशी, तिला थंडी वाजायची?"

"वाजायची."

"मला कधी बोलली नाही."

"तुला सांगून काय उपयोग होता रे?" म्हातारी म्हणाली. बोलून गेली आणि तोंडावर ओढणी धरली. "मी द्यायला नको होती ती शेगडी. माझं पाप आहे ते."

"तुम्ही सांगितलं होतं. बोटभर, म्हणालात. तिनेही सांगितलं होतं. खिडकी मी लावली, मावशी. मी हसत होतो खाली." तो वाकला, दोन्ही हात काखेत घातले. आणि मग जे त्या माणसाने अख्ख्या आयुष्यात म्हटलं नसेल, ते म्हणाला. "मला थंडी वाजतेय. तिकडेही वाजत होती, इथेही वाजतेय. जातच नाही."

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या तीन रजयांकडे. तिचेही ओठ निळे होते. ती काठी टेकत उठली आणि या खणाचं दार उघडलं.

"उचल," ती म्हणाली. "माझ्याने होत नाही."

लाईल मला बघून दोन पावलं मागे सरकला. मीही सरकले असते, जमलं असतं तर. मग त्याने मला उचललं. खोलीच्या मधोमध ठेवलं, काजळी पुसली, वात कातरली. तीन काड्या वाया गेल्या. चौथीला मी पेटले. निळी पेटले, शपथेवर सांगते.

तो खिडकीकडे गेला. ती उघडली आणि सावकाश ओढत आणली, एवढीशी फट राहीपर्यंत. फटीत त्याने आपली तर्जनी घातली. म्हातारीने माझ्यावर किटली चढवली. पाणी तापलं, उकळलं, चहा झाला, ओतला, निवला. तो बसायला आला नाही. खिडकीशी तसाच उभा राहिला, बोट फटीत घालून, जणू ते काढलं तर खिडकी आपणहून बंद होईल.

"ये रे, चहा घे," म्हातारी म्हणाली. "राहते ती उघडी."

"असू दे," तो म्हणाला. "मी आहे इथे."

तो दिवस संपला. लाईल गेला, तो पुन्हा आला नाही. उन्हाळा आला आणि मी माझ्या खणात परत आले, हे आता बोलतेय ते इथूनच. नोव्हेंबरात उम्म इस्कंदर मला पुन्हा बाहेर काढील. गुडघा धरून खिडकीशी जाईल आणि फटीत बोट घालील. तिचं बोट आता फार बारीक झालंय, म्हणून ती दोन घालील.

मला जवळ घेणाऱ्यांनो, तुम्ही कुठल्याही गावचे असा, कितीही थंडी पाहिलेले असा. मला फक्त एवढं माहीत आहे, की मला स्वतःहून विझता येत नाही. माझ्याजवळ बसताना खिडकी बोटभर उघडी ठेवा. आणि घरातलं कुणी हळूच म्हणालं, मला थंडी वाजते, तर हसू नका.